कालच्यापेक्षा जास्त नाही

आई रोज दिवेलागणीला फोनमध्ये आपला आकडा भरायची आणि तो ऑफिसात माझ्या पडद्यावर उमटायचा. आकडा बिंदग्यांचा असे. बिंदगी म्हणजे ती रंगीत प्लास्टिकची घागर, जी बंगळुरात पाणी यायच्या दिवशी प्रत्येक नळाखाली ओळीनं मांडलेली असते. दिवसभरात आपल्या एकटीसाठी किती बिंदग्या पाणी लागलं, तेवढं भरायचं. बाकीच्या बहुतेक बायका पाच भरत, सहा भरत. आईचा आकडा दीडवर आला होता. स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी, संडास, सगळं धरून दीड.

श्रीहर्षला, म्हणजे आमच्या साहेबाला, हा आकडा फार आवडला. त्यानं तो आलेख मोठा करून मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवला, नाव झाकून. सगळे वा वा म्हणाले. मीही मान हलवली. आतून मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, ती माझी आई आहे, तिचं मुतखड्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी तिला रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय आणि ती पाणी पीत नाहीये. पण नावं झाकलेली होती आणि चहा आला होता, तेव्हा मी चहा घेतला.

मी वेदिका. ऑनलाइन कोर्स बनवणं हा माझा धंदा. आधीच सांगते, काळजी करणं हा माझा स्वभाव आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी लिफ्टमधून परत वर जाते. त्यामुळे माझ्या काळजीला घरात किंवा ऑफिसात कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा भरवसा वाटत नाही.

या कामाची सुरुवात चांगली झाली होती. एका ट्रस्टला बंगळुरातल्या घर चालवणाऱ्या बायकांसाठी पाणी वाचवण्याचा कोर्स हवा होता, कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीतही. शाश्वत जीवनशैली वगैरे शब्द त्यांच्या पत्रात होते. पहिला कोर्स आम्ही ठरावीक छापाचा केला. तलावांचे व्हिडिओ, भूजलाचे नकाशे, शेवटी प्रश्नमंजूषा. बायका पहिल्या व्हिडिओच्या मध्यावरच उठून जात. आलेखावर तो कडा असा दिसे, जसं काही सगळ्यांच्या घरी एकाच वेळी दूध उतू गेलं. माझ्या आईनं तर "बाई छान बोलते" म्हणून फोन पालथा घातला आणि शेंगा सोलायला घेतल्या.

हीच आई श्रावणातला एकही नियम चुकवत नाही. अंगात ताप असला तरी वरमहालक्ष्मीचा कलश मांडते, कहाणी वाचते, मगच औषध घेते. मला वाटलं, या बायकांना धरून ठेवणारा साचा शोधायला आपण परदेशातले अहवाल कशाला चाळतोय, तो तर त्यांच्या घरात आहे. एक छोटा नियम, संध्याकाळची एक कहाणी, चार जणींची सोबत आणि एक दिवा. कोर्स व्रतासारखा करायचा.

केला. रोज संध्याकाळी एक छोटी कहाणी, कधी बुजवलेल्या विहिरीची, कधी टँकरमागे धावणाऱ्या सुनेची. कहाणी ऐकून आकडा भरला की पडद्यावरचा दिवा तेवत राहायचा. ज्यांना दिवा नको त्यांच्यासाठी रोपटं होतं. नियम एकच, मी घासूनपुसून एवढासा केलेला: कालच्यापेक्षा जास्त नाही. आजचा आकडा कालच्या वर गेला किंवा भरायचा राहिला, की दिवा विझणार. दिव्याखाली एक ओळ होती, हा दिवा कोणासाठी, आणि तिच्यापुढे नाव लिहायचं. ही ओळही माझीच. माणूस स्वतःसाठी घेतलेला कोर्स सोडून देतो, दुसऱ्यासाठी घेतलेला सहसा सोडत नाही, एवढं मी या धंद्यात शिकले होते.

आईनं तिथं लिहिलं, वेदिका.

बायका टिकल्या. जयनगर, चिकपेट, आमचा सर्जापूर रोड, सगळीकडे दिवे लागले. श्रीहर्षनं खूश होऊन कोर्सचा शेवटचा दिवस काढून टाकला. "संपवायचा कशाला? रोज येतायत ना बायका, येऊ देत की," तो म्हणाला. माझं कौतुक चाललेलं असताना मी कशाला हरकत घेतेय.

बिनसलं ते चिकपेटच्या लग्नात. हंबीरराव म्हणून आमचे एक नातेवाईक आहेत, त्यांच्या नातीचं लग्न. आई पहाटे उठून, आंघोळ करून निघाली आणि संध्याकाळी परत आली. जेवण छत्रात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, हातपाय धुणंही तिथंच. घरचं पाणी लागलं ते आंघोळीचं आणि चूळ भरायचं. आईनं प्रामाणिकपणे हिशेब केला आणि दीड भरलं. दुसऱ्या दिवसापासून तिला दीडच्या वर जायची सोय उरली नाही.

दुसरी कुणी असती तर खुशाल चार वापरून दीड भरलं असतं. आमच्या सोसायटीत ते सर्रास चालायचं. माझ्या समोरच्या फ्लॅटमधली बाई खाली गाडी धुऊन घेता घेता दोन भरायची आणि वर मला दिवा दाखवायची. आई तसं करणार नाही. दिव्यासमोर बसून ती खोटं बोलत नाही, मग तो समईतला असो की फोनमधला. हे मला माहीत असायला हवं होतं. मी नियम लिहिला तेव्हा त्यात पाहुण्यांचा दिवस नव्हता, आजारपण नव्हतं, आणि किती पाणी म्हणजे पुरे, हे तर कुठंच लिहिलं नव्हतं. पाणी वाचवण्याच्या अख्ख्या कोर्समध्ये पुरे हा शब्द नाही, हे एवढ्या तपासण्यांत एकाच्याही लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा मी चोरवाट धरली. किल्ल्या माझ्याकडेच होत्या. मी कोर्सच्या आत शिरले आणि आईच्या आदल्या दिवशीच्या आकड्याचा चार केला, म्हणजे तिला थोडी मोकळीक मिळेल. संध्याकाळी तिचा फोन आला.

"वेदिका, माझ्या फोनात काल चार दाखवतंय. मी दीड भरलेलं."

"काहीतरी चूक झाली असेल, आई."

"चूक असेल तर नीट कर. तू केलं असशील तर परत करू नको."

तिनं पुन्हा दीड भरलं. दुसऱ्या दिवशी सव्वा.

मग मात्र मंगळवारी मी सकाळची सुट्टी टाकून जयनगरला गेले. आई वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली शिवलीला म्हणून निपाणीकडची एक बँकेतली बाई भाड्यानं आहे, आईला अक्का अक्का करते, येता जाता डोकावते. तिनं जिन्यातच मला अडवून सांगितलं, "अक्का सुकल्यात बघा. मी ताक घेऊन गेलो की नको म्हणत्यात." निपाणीकडच्या बायका बोलताना गेलो, आलो म्हणतात.

आई खरोखरच सुकली होती. ओठांना भेगा पडलेल्या, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. एप्रिलचा उकाडा मी म्हणत होता. ओट्यावर एक फुलपात्र पालथं घातलेलं होतं, दिवसभरात तेवढ्यानं तीन वेळा प्यायचं, असा तिनं स्वतःला नेम घालून घेतलेला.

"पिण्याच्या पाण्यावर कशाला उठलीस?" मी म्हटलं. "पिण्याचं असं कितीसं लागतं?"

"पिण्याचं लागत नाही ग. प्यालं की जायला लागतं, तिथं लागतं. एक वेळ जाऊन आलं की अर्धी बिंदगी ओतायची. मग आंघोळ कशात करू?"

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे मला माहीत होतं, मी स्वतः पीत नाही. माझ्या आईनं घरातल्या घरात प्रवास सुरू केला होता.

"आई, सोड आता. विझू दे तो दिवा. तो काय खरा दिवा आहे? चित्र आहे ते. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं काढलंय."

"देव्हाऱ्यात पण चित्रच आहे," आई म्हणाली.

"पण मी सांगते ना."

"खाली तुझं नाव आहे. मी आपल्या हातानं विझवू होय?" तिनं पदरानं ओठ टिपले. "सरी, बरं, त्यापेक्षा एक सांग. याचं उद्यापन कधी आहे? तेवढं सांग, मी कसं पण ओढते तोवर. उद्यापन झालं की मोकळी."

"उद्यापन नाही."

"नाही म्हणजे?"

"शेवटचा दिवस ठेवला नाही आम्ही. लोक येत राहावेत म्हणून."

आई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी कुणाच्या घरून न विचारता काही उचलून आणलं की ती अशी बघायची. "एकादशीला मी जेवत नव्हते," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर नको म्हणाले, तेव्हापासून जेवते. देवाला सांगितलं, चाललं त्याला. आजारी माणसाला सूट असते, म्हाताऱ्या माणसाला असते. तुमच्यात सूट मागायची कुणाकडं?"

मी तिथून थेट ऑफिस गाठलं. सिल्क बोर्डच्या सिग्नलवर रिक्षा उभी होती तेव्हा मी श्रीहर्षपुढं काय बोलायचं ते पाठ करत होते. तो पुण्याचा, माझ्यापेक्षा बराच लहान, मनानं वाईट नाही. पहिल्या भेटीत माझी मराठी ऐकून त्यानं विचारलं होतं, तुम्ही मूळच्या कुठल्या. आमचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथं आहे, मूळचे आम्ही इथलेच, असं मी सांगितल्यावर तो हसला होता. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

"मला नियम बदलायचाय," मी म्हटलं. "खालची मर्यादा घालायची, तीन बिंदग्यांच्या खाली कुणी जायचं नाही. आजारी, गरोदर, साठीच्या वरच्या बायकांना सूट. आणि शेवटचा दिवस परत आणायचा."

"वेदिका, शुक्रवारी ट्रस्टची माणसं येतायत. पायलटच्या मधेच रूल बदलला तर सगळा डेटा खराब होतो. शुक्रवार होऊ दे, मग तू म्हणशील तसं करू. प्रॉमिस."

"माझ्या आईची तब्येत बिघडतेय, श्रीहर्ष."

"मग त्यांना सांग ना, दोन दिवस काहीतरी आकडा टाका म्हणून. सिंपल आहे."

"ती खोटं भरत नाही."

त्यानं खांदे उडवले. "अशी एखादी एज केस असतेच गं." एज केस म्हणजे हिशेबात न धरायचा अपवाद; त्याच्या भाषेत माझी आई तो अपवाद होती.

तो पुढं हळू आवाजात बोलला, आणि ते खरंही होतं. ट्रस्टनं काम पुढं चालू ठेवलं नाही तर भाषांची आमची फळी मोडणार होती. मराठी मी बघते, तमिळ धनलक्ष्मी बघते, आम्हा दोघींना या वयात दुसरीकडं कोण दारात उभं करणार होतं? मी हट्ट सोडला. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाला समजावलं. आपण नेहमीसारखं गॅसचं बटण बघायला परत जातोय, असंही समजावलं. घरी येऊन बादलीभर पाण्यानं आंघोळ केली आणि ते पाणी अंगावरून जाताना मला स्वतःची चीड आली.

बुधवारी आईनं एक भरलं. मी फोन केला तर म्हणाली, डोकं जरा दुखतंय, बाकी बरं आहे. आवाज कोरडा होता. गुरुवारी दुपारी शिवलीलाचा फोन आला.

"अक्का बाथरूमच्या दारात बसल्यात. उठंनात. मी धरून बसलोय, तुम्ही या की लगेच."

त्या रस्त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. रिक्षावाल्याला मी "स्वल्प बेग, स्वल्प बेग", जरा लवकर, म्हणत होते आणि तो "आयतु अक्का", झालंच अक्का, म्हणत होता, एवढंच आठवतं. शिवलीलानं तोवर तिला जवळच्या दवाखान्यात हलवलं होतं. मी पोचले तेव्हा आईच्या हाताला सलाइन लागलेलं होतं आणि डोळे मिटलेले होते.

डॉक्टरांचं नाव हयवदन. त्यांनी रिपोर्ट हातात धरूनच मला कन्नडमध्ये झापलं. या बाईंना पाणी प्यायला सांगितलेलं असताना तुम्ही सगळे काय करत होता? किडनीवर ताण आलाय. कालपासून लघवी झालेली नाही. सलाइन चढवतोय, संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर ठीक, नाही तर पुढचं बघावं लागेल. पुढचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी काय करत होते, तर मी तो नियम लिहीत होते.

आईनं डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. तिनं मला ओळखलं, शिवलीलाकडं बघितलं, मग वर टांगलेल्या बाटलीकडं बराच वेळ बघितलं.

"फोन कुठाय माझा?"

"आई, पड जरा."

"आकडा भरायला वेळ होईल. आणि हे बघ, ही बाटली त्यात धरायची का? घरचं पाणी नव्हे खरं, पण जातंय माझ्याच अंगात."

मला हसू आलं आणि ते मधेच रडू झालं. शिवलीलानं तोंड फिरवलं. आई गंभीरपणे उत्तराची वाट बघत होती, तिला खरोखर कळायला हवं होतं.

"नको धरू," मी म्हटलं.

"लग्नात बाहेरचं धरलं नाही, म्हणूनच सगळं झालं," ती म्हणाली. "मी तेव्हाच चुकले. धरते मी."

नर्स ग्लासभर पाणी घेऊन आली. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. नर्सनं कन्नडमध्ये लाडीगोडी लावली, शिवलीलानं दटावलं, मी हात जोडले. ती मान हलवत राहिली. डॉक्टर दारातून बघत होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज आम्ही हातातून घालू. उद्या घरी गेल्यावर त्या तोंडानं प्यायल्या नाहीत तर पुन्हा आणून काही उपयोग नाही. त्यांना कुणाचं पटतं, त्याला बोलवा."

तिला कुणाचं पटत होतं? त्या कोर्सचं पटत होतं.

मी बाहेरच्या बाकावर बसले आणि लॅपटॉप उघडला. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. मी शेवटची कहाणी लिहिली. एक बाई होती, ती रोज कमी कमी पाणी भरायची, शेवटी तळ्यानंच तिच्या दारात येऊन विचारलं, बाई, तू मला वाचवतेस, मग तुला कोण वाचवणार. चांगली कहाणी नव्हती. पण तिच्याखाली मी लिहिलं: आज या व्रताचं उद्यापन आहे. पाच जणांना पाणी द्यावं, मग स्वतः पोटभर प्यावं. आजारी, वयस्कर, गरोदर बायकांनी हा नियम मुळात धरायचा नव्हता, ते सांगायचं आमच्याकडून राहिलं, त्यांना काही दोष नाही. आजपासून दिवा विझणार नाही. ज्यांच्या नावानं तो लावला, त्यांना काही होणार नाही.

कन्नड मीच केलं. तमिळसाठी धनलक्ष्मीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "श्रीहर्षला विचारलंस?"

"नाही."

तिच्या मुलीची कॉलेजची दोन वर्षं बाकी आहेत, हे मला माहीत होतं. "मजकूर पाठव," ती म्हणाली. "पाच मिनिटांत देते."

ते सगळ्यांच्या फोनवर गेलं आणि लगेच माझा फोन वाजायला लागला. श्रीहर्ष. मी उचलला. "तू काय केलंस हे?" तो म्हणाला, "उद्या त्यांना मी काय दाखवू?" मी म्हटलं, मी दवाखान्यात आहे, उद्या येऊन मीच दाखवते, आणि फोन ठेवला. एवढं धाडस माझ्या अंगात नाही. तेव्हा कुठून आलं कोण जाणे.

आत जाऊन मी आईच्या हातात तिचा फोन दिला. तिनं चष्मा मागितला. कहाणी वाचली, खालचं वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"हे तू आत्ता लिहिलंस."

"हो."

"आपल्याच मनानं?"

"हो."

मला वाटलं, संपलं, आता ती फोन परत देणार. ती बोट पडद्यावर ठेवून शेवटच्या ओळीवर थांबली होती.

"काही होणार नाही म्हणून लिहिलंयस. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच सांगते. माझं नाव आहे ना खाली, मग मी सांगते. मला काही होणार नाही, आई. तुला काही झालं तर मला होईल."

आईनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सरी. पाच जण बघ."

तिला उठता येत नव्हतं, म्हणून ती ग्लासला हात लावायची आणि मी नेऊन द्यायचे. नर्सला दिलं, तिनं का ते न विचारता प्यायलं. शिवलीलाला दिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला दिलं. पाचवा ग्लास मला. मी सकाळपासून काही प्यायले नव्हते, ते मला घसा ओला झाल्यावर कळलं. मग आईनं स्वतःचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि प्यायला लागली. मधे थांबली नाही. हनुवटीवरून ओघळलेलंसुद्धा तिनं बोटानं पुसून जिभेला लावलं. रिकामा ग्लास पुढं करून म्हणाली, "आणखी दे."

नंतरचा वेळ फार कठीण गेला. डॉक्टरांनी सांगितलेली संध्याकाळ सरत आली होती आणि मी बाकावर बसून दाराकडे बघत होते. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, तुमच्या आईंना लघवी झाली, डॉक्टरांना सांगून येते. मला आयुष्यात कुणी इतकी चांगली बातमी दिली नव्हती. मी तिचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

मग मी लॅपटॉपकडे वळले, बंद करावा म्हणून. कोर्समध्ये बायकांना लिहायला एक जागा होती. तिथं आजवर कुणी कधी काही लिहीत नसे, फार तर हात जोडलेलं चित्र टाकत. ती जागा भरून वाहत होती.

मॅडम, बीपीची गोळी मी चमचाभर पाण्यानं घेत होते, आता ग्लासभर घेतली तर चालेल ना? कन्नडमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, माझी सून सातव्या महिन्यात आहे, तिनंही दिवा लावलाय, तिला आजच मोकळं करा. दिवा माझ्या नातवाच्या नावाचा आहे, तो परदेशी आहे, खरंच त्याला काही होणार नाही ना? रात्री जायला लागू नये म्हणून मी दुपारपासून पीत नाही, आता प्यायलं तर पाप नाही ना? एकीनं नुसतं लिहिलं होतं, पाच माणसं नाहीत, मी एकटीच असते, एकटीनं प्यायलं तर चालतं का?

मी चालेल, प्या, असं लिहीत सुटले. हो, चालेल. हो, सुनेला आत्ता द्या. नाही, काही होणार नाही. एकटीनं चालतं, आत्ता उठा आणि प्या. बोटं दुखायला लागली तरी प्रश्न येतच होते. असं करणारी माझी आई एकटीच आहे, असं मी इतके दिवस समजत होते.

मग मला ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, त्यांची भीती वाटायला लागली. मी आकडे काढले. दोनच्या खाली असलेल्या आणि आज संध्याकाळी कोर्स उघडूनही न बघितलेल्या बायका वेगळ्या केल्या. पहिलीचं वय माझ्या आईएवढंच होतं. दिवा तिनं नवऱ्याच्या नावानं लावलेला.

आतून आई विचारत होती, वेदिका, तू जेवलीस का? मी येते म्हटलं आणि त्या बाईचा नंबर फिरवला. फोन बराच वेळ वाजत राहिला आणि बंद झाला. मी पुन्हा लावला.